बुटाची वकिली

पावसाळ्यात सकाळी सहा-साडेसहाला पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गेलं, की एक दृश्य हमखास बघायला मिळतं. वरून साधारण परिस्थितीतला दिसणारा, पण घोट्याखाली अत्यंत श्रीमंत असा एक गृहस्थ चिखलाच्या डबक्यापाशी थबकलेला असतो. पायातले बूट खास चिखलासाठी, खडकासाठी, ओढ्यानाल्यांसाठी आणि एका दमात शंभर किलोमीटर पळण्यासाठी बनवलेले असतात. गृहस्थ डबक्याकडे बघतो, बुटांकडे बघतो, आणि मग दोन्ही हात पसरून, तोल सावरत, कडेच्या दगडांवरून डबक्याला सन्मानपूर्वक वळसा घालतो. मागून रबरी चपला घातलेले एक आजोबा येतात आणि छत्री सांभाळत डबक्यातून सरळ निघून जातात. गृहस्थाला विचारलं, "काय हो, चिखल चुकवताय?" तर उत्तर येतं, "छे छे! नवीन शूज आहेत. टेस्टिंग चालू आहे."

माझं म्हणणं सरळ आहे. लांब पल्ल्यासाठी बनवलेला महागडा, गुबगुबीत सोलचा ट्रेल बूट तपासता येत नाही. पैसे देण्याआधी तो तपासायला वाट नसते आणि पैसे दिल्यावर तपासायची छाती नसते. दुकानात फरशी असते, डोंगर नसतो. डोंगरावर डोंगर असतो, पण तोवर खिशातून पंधरा-अठरा हजार गेलेले असतात. एवढी रक्कम एकदा गेली, की माणूस न्यायाधीशाच्या खुर्चीतून मुकाट्याने उठतो आणि आरोपीच्या वकिलाचा कोट चढवतो. त्यानंतर जे चालतं ती परीक्षा नव्हे, वकिली. एरवी फी अशिलाने वकिलाला द्यायची असते. इथे वकिलाने अशिलासाठी पदरचे पैसे मोजलेले असतात, म्हणून तो जरा जास्तच तळमळीने लढतो. हे विधान धाडसी वाटेल, पण पुरावा भरपूर आहे आणि आक्षेपांना उत्तरंही आहेत.

आधी अशिलाची कुळकथा. २००९ साली फ्रान्समधल्या आनसी गावात निकोला मेर्मू आणि जाँ-ल्यूक दियार या सालोमाँ कंपनीतून बाहेर पडलेल्या दोघांनी होका नावाचा बूट काढला. डोंगर उतरताना वेग राखता यावा म्हणून त्यांनी सोल भलताच जाड केला. बघणाऱ्यांना तो बूट पायाला सूज आल्यागत वाटला. गंमत अशी, की त्याच २००९ साली क्रिस्टोफर मॅक्डूगल यांचं 'बॉर्न टू रन' हे पुस्तक निघालं. मेक्सिकोतले तारायुमारा लोक पातळ वाहाणांवर डोंगरच्या डोंगर पालथे घालतात, तेव्हा जाड बुटांची गरज काय, हा त्याचा एकूण सूर. म्हणजे एकाच वर्षी 'पायात जवळजवळ काही नको' आणि 'पायात गादी हवी' असे दोन धर्म जन्माला आले. समंजस गिऱ्हाइकाने यातला एक निवडला असता. पण धावणारं गिऱ्हाईक समंजस असतं तर पहाटे पाचला अंथरुणात असतं. त्याने दोन्ही घेतले. आधी पाच बोटांचे पातळ बूट घेतले. ते बनवणाऱ्या कंपनीवर आरोग्याच्या दाव्यांवरून अमेरिकेत खटला झाला आणि २०१४ साली तिने चूक कबूल न करता ३७.५ लाख डॉलरवर तडजोड केली. तोवर गिऱ्हाईक पाच बोटांच्या बुटातून दीड-दोन बोटं जाड सोलवर येऊन उभं राहिलं होतं. दोन्ही वेळा त्याचं मत एकच होतं: "गुडघ्याला फार बरं वाटतंय."

आपल्या न्यायशास्त्राने ज्ञान मिळवण्याची चार साधनं, म्हणजे प्रमाणं, सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. बूटपरीक्षेत चारही वापरली जातात आणि चारही एकेक करून फितूर होतात. प्रत्यक्ष प्रमाणाचं स्थळ म्हणजे दुकान. गिऱ्हाईक बूट हातात घेतं आणि सगळ्यात आधी हाताच्या अंगठ्याने सोल दाबून बघतं. पळताना या अंगठ्याचा काहीही संबंध येत नाही, तरी प्रथा आहे. मग बूट पिळून बघायचा, वाकवून बघायचा, कोणी बघत नसेल तर हुंगून बघायचा, आणि शेवटी पायात घालून वातानुकूलित फरशीवर दोन उड्या मारायच्या. "कसं वाटतंय, सर?" "मऊ आहे." "मॅक्स कुशन आहे, सर. किती पळता तुम्ही?" या प्रश्नावर प्रत्येक गिऱ्हाईक खोटं बोलतं. चार किलोमीटर पळणारा दहा सांगतो, दहा पळणारा वीस सांगतो, आणि जो खरोखर ऐंशी पळतो तो "असंच थोडंफार" म्हणतो. विक्रेत्याला हे पाठ असतं, म्हणून तो सगळ्यांनाच ऐंशीवाल्याचा बूट दाखवतो. काही दुकानांत ट्रेडमिलवर पळवून पायांचं चित्रण करतात आणि तुमचा तळवा कोणत्या जातीचा, ते सांगतात. अमेरिकेच्या भूदलात, हवाई दलात आणि मरीन दलात नव्या भरतीच्या जवानांवर हा प्रयोग झालेला आहे. काहींना तळव्याचा आकार बघून बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच जातीचे. दुखापतींत सांगण्याजोगा फरक पडला नाही. पण जवानांना बूट सरकार देतं, तेव्हा त्यांना फरक वाटून घेण्याची निकडही नसते. शिवाय मापाची भानगड वेगळीच. लांब पल्ल्यात पाय सुजतो, म्हणून बूट अर्धा-एक नंबर मोठा घ्यायचा असतो. म्हणजे दुकानात जो नेमका बसतो तो तीस किलोमीटरनंतर चावणार, आणि तीस किलोमीटरनंतर जो नेमका बसणार तो दुकानात ढिला. प्रत्यक्ष जे कळतं ते चूक, एवढंच प्रत्यक्षात कळतं.

दुसरं साधन अनुमान. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी असणार, हे अनुमानाचं शास्त्रातलं जुनं उदाहरण. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तिथे कांदाभजी असणार, हे सिंहगडावरचं. बुटाच्या बाबतीत मात्र अनुमान एकाच दिशेने धावतं. पहिल्या रविवारी वेळ चांगली आली, तर ती बुटामुळे. दुसऱ्या रविवारी वाईट आली, तर हवेतल्या दमटपणामुळे. तिसऱ्या रविवारी गुडघा दुखला, तर जुन्या बुटाने केलेलं नुकसान आता बाहेर पडतंय. चौथ्या रविवारी दुसरा गुडघा दुखला, तर "बॉडी ॲडजस्ट होतेय." बूट दोषी ठरेल अशी कोणतीही घटना या जगात घडू शकत नाही, अशी व्यवस्था करूनच परीक्षा सुरू झालेली असते. खुद्द शरीरही साक्ष देताना गोंधळ घालतं. फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१८ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात नेहमीच्या आणि अतिगुबगुबीत बुटांची तुलना छापली. गुबगुबीत बुटात धावपटूंचे पाय आपसूक जास्त ताठ होत होते, आणि वेग वाढल्यावर आपटण्याचा जोर कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. म्हणजे बूट मऊ झाला की पाय कडक होतो. घरात एकाने नमतं घेतलं की दुसऱ्याचा आवाज चढतो, त्यातलाच प्रकार. आता या पायाची साक्ष बुटाच्या बाजूची धरायची की विरुद्ध, हे ठरवायला वेगळं खंडपीठ बसवावं लागेल.

तिसरं उपमान. महागड्या बुटाचं वर्णन करायला मराठीत, हिंदीत, इंग्रजीत आणि बहुधा जपानीतही एकच उपमा आहे: ढगावर चालल्यासारखं वाटतं. हा दावा करणाऱ्यांपैकी ढगावर कोणी चाललेलं नाही, पण ते जाऊ द्या. ढगात चालण्याचा अनुभव सह्याद्रीत श्रावणात कोणालाही घेता येतो. राजगडाच्या संजीवनी माचीवर ढग उतरला की समोरचं दिसत नाही, चष्म्यावर पाणी साचतं, कातळावर शेवाळ असतं आणि पाय कुठल्या क्षणी सटकेल याचा नेम नसतो. हीच जर उपमा असेल तर ती गुणवर्णन म्हणून नव्हे, तक्रार म्हणून दाखल करायला हवी. वास्तविक मऊ, उंच सोलची हीच खरी गोम आहे. पाय जमिनीपासून जितका वर, तितका घोटा मुरगळायला वाव जास्त. खालचा दगड कोणता, तो हलतो का, हे तळव्याला उशिरा कळतं. सोलमधला फोम अदबशीर आहे. तो खालची वाईट बातमी वर पोचू देत नाही. बऱ्याच संस्थानिकांची राज्यं अशाच अदबशीर माणसांमुळे गेली.

चौथं साधन शब्द, म्हणजे आप्तवाक्य. विश्वासू माणसाने सांगितलं की ते खरं मानायचं. धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटात आप्त पुष्कळ. "कोणी हे शूज वापरलेत का?" असं विचारा. ज्यांनी ते घेतलेत ते सगळे म्हणतील, "डोळे झाकून घे." ज्यांनी दुसरे घेतलेत ते म्हणतील, "चुकूनही घेऊ नको." दोघंही आपापल्या पावतीला स्मरून बोलत असतात. आपण फसलो, हे कळल्यावरही माणूस गप्प बसतो, कारण "मला चावतो" असं म्हटलं की सहा जण लगेच विचारतात, "लेस कशी बांधतोस?" बूट चुकीचा असू शकत नाही, लेस चुकीची असते, मोजे चुकीचे असतात, टाच टेकण्याची पद्धत चुकीची असते, आणि तेही सगळं बरोबर निघालं तर वजन चुकीचं असतं. या शेवटच्या मुद्द्यावर बहुतेक अपील मागे घेतलं जातं. बरं, ज्याला बूट फुकट मिळतो तो तरी निःपक्ष असेल? परीक्षणासाठी कंपनीकडून बूट मिळणारे लोक असतात. त्यांच्या खिशाला चाट बसलेली नसते, हे खरं. पण पुढचा जोड येणार की नाही ही काळजी असते. म्हणून त्यांच्या परीक्षणात दोष नेहमी एकच सापडतो, आणि तो म्हणजे रंग.

समजा, चारही प्रमाणं बाजूला ठेवली आणि एखाद्या सज्जनाने ठरवलं, की प्रामाणिकपणे, शेवटपर्यंत पळूनच निकाल द्यायचा. इथे काळ आडवा येतो. अशा बुटांचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. दर रविवारी डोंगरात दहा किलोमीटर पळलं तर सहाशे किलोमीटरला साठ रविवार लागतात. त्यातून अतिवृष्टीचे रविवार वजा करा, लग्नाचे करा, दिवाळीचे करा, भारत-पाकिस्तान सामन्याचे करा, "आज नको, थोडं अंग मोडून आलंय"चे करा. दोन वर्षांची निश्चिंती झाली. तेवढ्यात बुटाची पुढची आवृत्ती येते. होकाचा स्पीडगोट २०१५ साली आला आणि २०२४ साली त्याची सहावी आवृत्ती निघाली. म्हणजे सज्जन निकाल देईपर्यंत आरोपीच दुकानातून नाहीसा झालेला असतो, आणि त्याच्या जागी त्याच नावाचा, पण वेगळ्या बांध्याचा वारस बसलेला असतो. "सहाशे किलोमीटर पळून सांगतो, उत्तम बूट आहे," असं सज्जन म्हणतो. "कुठे मिळेल?" "आता नाही मिळत." न्यायालयाच्या इतिहासातसुद्धा इतका निरुपयोगी निकाल सापडणं कठीण, आणि तिथे स्पर्धा तीव्र आहे.

त्यात सह्याद्री स्वतः परीक्षक म्हणून फार लहरी. युरोपात आल्प्समध्ये 'यूटीएमबी' नावाची शर्यत होते: सुमारे १७० किलोमीटर, जवळपास १०,००० मीटर चढ, तीन देश, आणि मुदत साडेशेचाळीस तासांची. बुटाच्या जाहिरातीत दिसतात ते डोंगर साधारण या घराण्यातले. आपल्याकडचा डोंगर निराळा अभ्यासक्रम लावतो. मे महिन्यात घसारा असतो. त्यावर सोलखालच्या चार-पाच मिलिमीटरच्या रबरी गुट्ट्या बारीक मुरमाला मुठीत धरायला जातात आणि मुरूमच त्यांना घेऊन खाली येतो. जुलैत शेवाळलेला बेसाल्ट असतो. त्यावर कोणत्याही देशाचं, कोणत्याही किमतीचं रबर सारखंच घसरतं. इतका समतावादी दगड दुसरा नाही. आणि ऑक्टोबरात येतात कुसळं. हवा खेळती राहावी म्हणून बुटाला वरून जाळी लावलेली असते. तिच्यातून हवेच्या आधी कुसळं आत शिरतात, जाळीतून मोज्यात जातात, मोज्यातून पायात जातात, आणि धुण्याच्या यंत्रातून बाहेर पडून पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या पँटमध्ये सापडतात. पायाखालचा टोकदार दगड टोचू नये म्हणून सोलमध्ये कडक पट्टी बसवणाऱ्या अभियंत्यांना कुसळ ठाऊक नाही. या सगळ्या धडपडीत वाटेवर डोक्यावर दह्याच्या मडक्यांची पाटी घेतलेल्या बाया चपलांवर गड चढत असतात. त्या वर पोचून, चूल पेटवून, भजी काढून होतात, तेव्हा कुठे आपला परीक्षक हाशहुश करत येतो आणि दुसऱ्या प्लेटनंतर मत देतो: "ग्रिप जबरदस्त आहे."

आता आक्षेप. पहिला आक्षेप अभियंत्यांचा: प्रयोगशाळेत यंत्रं आहेत, ती फोम दाबतात, सोल हजारो वेळा वाकवतात, रबराचा कडकपणा आकड्यात सांगतात; यंत्राने कुठे पैसे मोजलेत? हे मान्य. यंत्र निःपक्ष असतं. पण त्याला गुडघा नाही, पोट नाही, घरी परतायची घाई नाही, आणि एकवीस किलोमीटर झाल्यावर अजून एकवीस उरलेत हे कळल्यावर त्याचं तोंड उतरत नाही. यंत्र सांगतं की फोम दाबल्यावर इतका परत उसळतो. माणसाला हवं असतं ते असं, की बत्तिसाव्या किलोमीटरला आपण परत उसळू का. या प्रश्नावर यंत्र मौन पाळतं, आणि मौन ही सोयीस्कर साक्ष आहे. वकील ती लगेच आपल्या बाजूने नोंदवून घेतो.

दुसरा आक्षेप अनवाणी पंथाचा, आणि तो घराण्याने मोठा. १९६० साली रोममध्ये इथिओपियाचे अबेबे बिकिला अनवाणी धावले आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकले. १९९३ साली अमेरिकेतली लेडव्हिलची शंभर मैलांची शर्यत व्हिक्टोरियानो चुर्रो या ५५ वर्षांच्या तारायुमारा गृहस्थाने टायरच्या रबराच्या वाहाणा घालून जिंकली. मग फोम कशाला? युक्तिवाद ठाम आहे. फक्त चार वर्षं पुढे सरकलं की तो डळमळतो. १९६४ साली टोकियोत हेच बिकिला बूट घालून धावले, पुन्हा जिंकले, आणि तेही तीन मिनिटांहून अधिक लवकर. म्हणजे दोन्ही पक्षांचा मुख्य साक्षीदार एकच आहे. चुर्रो यांच्याबद्दल बोलायचं तर टायरच्या चपला आपल्याकडेही उभ्या महाराष्ट्राने घातल्या. त्यावर आपण शंभर मैल पळालो नाही, कारण पळून जायचं कुठे हे कोणी सांगितलं नाही. खरा मुद्दा असा, की बिकिला आणि चुर्रो या दोघांपैकी कोणीही काहीही तपासत नव्हतं. ते पळत होते. पळायला लागलं की तपासायला वेळ उरत नाही. आपल्याकडे उलटं आहे. तपासण्यात वेळ जातो म्हणून पळायचं राहतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात अवघड, कारण तो आकडे घेऊन येतो. लक्झेंबर्गमधल्या संशोधकांनी ८४८ हौशी धावपटूंना मऊ आणि कडक असे दोन प्रकारचे बूट, कोणता कोणाला हे न सांगता, वाटले आणि २०२० साली निष्कर्ष छापला: कडक बूटवाल्यांना दुखापतीचा धोका जास्त. म्हणजे गादीत तथ्य आहे! आहे, नाही कोण म्हणतं? पण दोन गोष्टी बारकाईने बघा. एक, हा फायदा वजनाने हलक्या धावपटूंत ठळक दिसला. ज्या भारदस्त गृहस्थांसाठी दुकानदार गादी पुढे करतो, त्यांच्यात तो तसा दिसला नाही. दोन, धावपटूंना आपल्या पायात काय आहे ते माहीत नव्हतं. हाच तर माझा मुद्दा. परीक्षा खरी व्हायची असेल तर परीक्षा देणाऱ्याला आधी काही कळता कामा नये. लक्झेंबर्गच्याच आणखी एका अभ्यासात २६४ धावपटू होते. आलटून पालटून दोन-तीन जोड वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळला. आयुष्यात एकही शोधनिबंध न वाचलेल्या गृहस्थांना हा एक तोंडपाठ असतो, आणि त्याचं वाचन घरोघरी होतं. "अहो, आणखी एक जोड?" "अगं, ३९ टक्के! लक्झेंबर्गचा अभ्यास आहे." "मग तिकडच्यासारखा पगारही आणा." इथे विज्ञान संपतं आणि बूट काही दिवस गाडीच्या डिकीत राहतो.

चौथा आक्षेप तत्त्ववेत्त्यांचा: वाटतंय ना बरं, मग झालं! यालाही शास्त्रीय आधार आहे. बेनो निग या नामवंत अभ्यासकाने सहकाऱ्यांसह २०१५ साली असं मांडलं, की पायाला जो बूट सुखाचा वाटतो तो निवडावा. शरीर आपल्या चालीला जुळणारं बरोबर ओळखतं. मला हे म्हणणं मनापासून पटतं, आणि नेमकं त्यामुळेच टेकडीवरच्या गृहस्थाची पंचाईत होते. सुखाचा बूट ओळखायला दोन मिनिटं पुरतात. पाय आत घातला, बरा वाटला, पैसे दिले, घरी आलो. मग सहा महिने चालणारी ही परीक्षा, घड्याळातले आलेख, सोलचे जवळून काढलेले फोटो, खोलगट सुरात केलेली "टाचेला अजून थोडा सपोर्ट हवा होता" ही विधानं, हे सगळं कशासाठी? तर किमतीसाठी. दोनशे रुपयांच्या चपलेची कोणी परीक्षा घेत नाही. ती तुटली की अंगठा शिवून आणतात. अठरा हजारांच्या वस्तूशी मात्र नुसतं सुखाने राहता येत नाही. एवढे पैसे आपण मूर्खपणाने नव्हे तर अभ्यासाने खर्च केले, हे स्वतःला, बायकोला आणि गटातल्या त्या एका चपळ मित्राला दाखवावं लागतं. परीक्षा नंतर घेतली जाते, पण तिची तारीख मागची टाकलेली असते.

तेव्हा निःपक्ष परीक्षक शोधायचाच, तर तो असा हवा की ज्याने बूट निवडला नाही, पैसे दिले नाहीत, आणि ज्याला पुढचा जोड नको आहे. असा माणूस प्रत्येक मराठी घरात असतो: धाकटा भाऊ. त्याच्याकडे बूट आपोआप चालत येतो. "कसा आहे रे?" "चावतो." इतकं स्वच्छ परीक्षण जगातल्या कोणत्याही मासिकात छापून आलेलं नाही. दुर्दैव एवढंच, की त्याच्यापर्यंत पोचेतो फोम मेलेला असतो, सोल गुळगुळीत झालेला असतो, आणि माप दादाचं असतं. जो न्याय देऊ शकतो त्याच्यापुढे फक्त मृत अशील उभं केलं जातं.

यावर माझी एक नम्र सूचना आहे. दुकानदारांनी बूट द्यावा, पण किंमत सांगू नये. नाव झाकावं, रंग एकच ठेवावा, करडा. गिऱ्हाइकाने तो घालून डोंगरात शंभर किलोमीटर पळावं, मग दुकानात येऊन मत सांगावं, आणि त्यानंतरच बिल फाडावं. निकाल आधी, दंड नंतर. जगभरच्या न्यायव्यवस्थेचा हाच क्रम आहे. या योजनेवर एकच व्यावहारिक आक्षेप येईल आणि तो मला आत्ताच दिसतोय. बिल शंभराव्या किलोमीटरला फाटणार हे एकदा कळलं, की सगळ्या महाराष्ट्रातले धावपटू नव्व्याण्णवला थांबतील. थांबू देत. दुकानं बुडतील, कंपन्या बुडतील, पण तोपर्यंत प्रत्येकाचे नव्व्याण्णव किलोमीटर खरोखर पळून झालेले असतील, आणि तेवढं पळवून घेणं आजवर कुठल्याही किमतीच्या फोमला जमलेलं नाही.